पुढच्या गाडीचा नंबर

गाडीच्या दिव्यांवरून मी माझ्या बाबांना चार माणसांत नको ते बोलले, त्याला आता दोन पावसाळे झाले. कोणी मला जाब विचारला नाही. बाबांनी तर तो विषय परत काढलाच नाही. त्यांनी एकदा चांगलं झापलं असतं तर मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते, पण तेवढंही त्यांनी केलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

धामापूरच्या तळ्यापासून थोडं पुढे आमचं घर आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला. आधी रेडीच्या बाजूला खनिजाच्या खेपा, मग हंगामात इथले आंबे घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूर आणि येताना कांदे-गूळ. शाळेत कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी 'ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' असं सांगायचे. त्या वयातला तो चोरटेपणा पुढे कुठे जातो, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांचा उजवा डोळा तरुणपणीच गेला. टायरखालचा खडा उडून लागला होता. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी डाव्या डोळ्यावर काढलं आणि आता त्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. इथल्या डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, एकच डोळा आहे, तो कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथे आषाढातली तारीख मिळाली. सकाळी साडेनऊला हजर राहायचं, म्हणजे आम्ही घरातून साडेचारला निघायला हवं होतं.

आजवर कोल्हापूरला जायचं तर स्टिअरिंगवर बाबा असायचे. मी गाडी चालवायचे ती शाळा, कुडाळ, मालवण एवढीच, आणि तीही उजेडी. घाट मी एकदाही चढवला नव्हता. आता तो पावसात, काळोखात, बाबांना शेजारी बसवून चढायचा होता. पण 'मला भीती वाटते' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. त्याऐवजी मी म्हणाले, "या गाडीचे दिवे अगदीच मिणमिणते आहेत. बदलायला हवेत."

ते खोटं नव्हतं. गाडी अकरा वर्षांची. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडलेल्या, उजेड देवघरातल्या समईसारखा. मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक वही केली. वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक किटचे गुणदोष लिहून काढले. एका किटला ट्यूबलाइटसारखा वेगळा चोक जोडायचा, तो तापायला वेळ घेतो. दुसरा एलईडीचा, पाठीमागे बारीक पंखा असतो आणि जुन्या बल्बच्याच जागी बसतो. तिसऱ्यात दिवा अख्खा उघडून आत भिंग बसवायचं. मी एलईडीवर खूण केली. व्हिडिओतल्या माणसाने आधीचा रस्ता आणि नंतरचा रस्ता शेजारी शेजारी दाखवला होता आणि नंतरचा रस्ता भर दुपारचा वाटत होता.

बाबा ओटीवर बसून माझं वाचन ऐकत होते. मी थांबल्यावर ते म्हणाले, "नवो लाईट कित्याक? वायरिंग थकलीहा. बल्बापर्यंत करंट पोचणा नाय. रिले घाल, म्हणजे बॅटरीतलो करंट सरळ येतलो. काच घासून घे. तोच बल्ब दुप्पट पेटतलो."

"बाबा, आता ते बल्ब कोणी वापरणा नाय," मी म्हटलं आणि वही मिटली.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कुडाळच्या बाजूला हायवेवरच्या एका दुकानात गेलो. गाड्यांची सीट कव्हरं, हॉर्न, दिवे असलं सगळं मिळतं तिथे. दुकानदार स्वतःच फिटर. मी वही उघडली आणि माझ्या शाळेतल्या आवाजात विचारायला सुरुवात केली. तो माझं ऐकत होता, पण उत्तर देताना बाबांकडे बघत होता. मी विचारलं, वॉरंटी किती, आणि त्याने बाबांना सांगितलं. मी विचारलं, बसवायला वेळ किती, आणि तो म्हणाला, "काका, अर्धो तास." त्याने काउंटरवर मांडलेले दोन किटांचे खोके मी पुढे ओढून बघत होते, तेव्हा तो माझ्या डोक्यावरून बोलला, "काका, मगे खयचो लावूया?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायको, मुलगी, बहीण घेऊन आलेल्या पुरुषाशीच बोलायचं, हा असल्या दुकानांचा जुना नियम. मी तो शंभरदा सोसलेला होता. पण त्या दिवशी बाबांनी त्याला उत्तर दिलं. बिचारे सवयीने बोलले. पन्नास वर्षं त्यांना दुकानांतून हेच विचारलं जात होतं.

"ह्यो लाईट ह्या गाडयेक बसाचो नाय," बाबा म्हणाले. त्यांनी बोटांनी चाचपत, दुकानात तोंड घालून उभ्या आमच्या गाडीच्या दिव्याची काच दाखवली. "काचेच्या पाठचा जा भांडा आसा, ता ह्या बल्बासाठी केलला नाय. उजेड वर फाकतलो. धुक्यात तोंडार परत येतलो."

मी फाडकन म्हणाले की धुक्यातले थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, त्यांना पिवळा काय आणि पांढरा काय, सगळं सारखंच, हे नववीच्या मुलालाही कळतं. आता विचार करते तर बाबा रंगाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ते भांड्याबद्दल, म्हणजे काचेमागच्या परावर्तकाबद्दल बोलत होते. विचारलं एक आणि उत्तर दिलं दुसऱ्याचं. मुलांनी पेपरात असं केलं तर मी भोपळा देते.

फिटर हसला. म्हणाला, "मॅडम, काकांचा अनुभव आहे. काका सांगतात तसं करूया?"

रागावले की मी मालवणी सोडते आणि पुस्तकी मराठीत शिरते. तशीच शिरले. "गाडी माझी आहे. चालवणार मी आहे," मी म्हणाले. "बाबांना काय विचारता? त्यांना आता पुढच्या गाडीचा नंबरसुद्धा दिसत नाही."

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. एकाने मोबाईलमधून डोकं वर काढून बाबांकडे पाहिलं. एक डोळा मेलेला, दुसरा दुधाळ, असा माणूस आपल्याकडे बघतात हे कळून कुठे बघणार? ते 'होय, ताय खरा' एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन फळीवर बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं झालं माझं. पण तेव्हा मला ते तसं वाटलं नाही. मला वाटलं, मी जिंकले. त्या फिटरला बोलायचं होतं ते मी बाबांना बोलले हे कळायला मला दिवस लागले.

किट बसलं. सहा हजार केल्विनचा पांढराशुभ्र उजेड. परतीच्या वाटेवर, कसालच्या जरा अलीकडे, बाबा हळूच म्हणाले, "घराकडे गेल्यार भिंतीर सेट करून बघूया हां."

भिंतीचं असं. आमच्या गोठ्याला चिऱ्यांची लांब भिंत आहे. गोठ्यात आता गुरं नाहीत, पण भिंतीवर बाबांनी कावेने मारलेली आडवी रेघ अजून आहे. ट्रक होता तेव्हा दरवर्षी पावसाआधी ते दहा पावलांवर ट्रक उभा करायचे आणि दिवे लावायचे. उजेडाची वरची कड रेघेच्या खाली येईपर्यंत ते स्क्रू पिळत राहायचे. लहानपणी टॉर्च धरायचं काम माझं होतं. "समोरून येणारोय कोणाचो तरी बापूस आसता," असं ते पिळता पिळता म्हणायचे.

मी म्हणाले, "बाबा, बस झालं आता. लायटीचो विषय परत काढू नकात. माका त्रास होता."

"बरा," ते म्हणाले.

दिवेलागणीला घरी पोचलो. गाडी वळवताना उजेड गोठ्याच्या भिंतीवर पडला. रेघेच्या वर, पार कौलांवर, कौलांच्या वर माडांत. एकेक झाप मोजून घ्यावा असा लखलखाट. मला आनंद झाला. मला गाडी रस्त्यावर चालवायची आहे, माडावर नाही, हे काही सुचलं नाही. बाबा दार उघडून उतरले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना तो उजेड नुसता पांढरा ढग दिसत असणार, पण तो किती उंच आहे तेवढं कळत असणार. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं आणि पाय धुवायला गेले.

ठरल्या दिवशी आम्ही साडेचारला निघालो. कणकवलीपर्यंत दिव्यांनी माझी मान ताठ ठेवली. रस्त्यावरचे खड्डे, पाण्याची डबकी, कडेचा कुत्रा सगळं लख्ख. समोरून येणारे मात्र सारखे दिवे उघडमीट करत होते. एक जण काच खाली करून शिवी देऊन गेला. मी म्हटलं, जळतात लेकाचे. बाबा मांडीवर कापडी पिशवी धरून बसले होते. तिच्यात फाईल, डबा आणि दवाखान्यासाठी घेतलेला पांढरा पंचा आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

फोंड्याच्या बाजारात चहा घेतला आणि घाट लागला. उजाडायला लागलं होतं, पण आषाढात घाटात उजाडतं ते नावापुरतं. चौथ्या-पाचव्या वळणानंतर धुकं आलं. आधी पातळ. मग एका वळणाला मी गाडी वळवली आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता नाही, कठडा नाही, गाडीचं बॉनेटसुद्धा धड नाही. माझाच उजेड माझ्याच तोंडावर येऊन आदळत होता. मी दिवे खाली केले, फरक नाही. वर केले तर डोळेच मिटावे लागले. मी ब्रेक दाबून तिथेच थांबले.

"बाबा, माका काय्येक दिसणा नाय," मी म्हणाले. घाबरले हे त्यांच्यासमोर कबूल करण्याची ती माझी पहिली वेळ.

"वळणार उभी ऱ्हवा नको. पाठसून ट्रक इलो तर दोघांचीय चटणी." त्यांचा आवाज एकदम बदलला होता. ट्रकवरचा, तीस वर्षांपूर्वीचा आवाज. "हेडलाईट बंद कर. पार्किंग ठेव. दोनय इंडिकेटर चालू कर. काच खाली कर आणि माज्या पाठसून ये."

"पाठसून म्हणजे?"

त्यांनी पिशवीतून पंचा काढला, झटकला आणि पाठीवर पसरून दोन टोकं गळ्याशी बांधली. तेव्हा मला कळलं. लहानपणी ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली होती. बाबा सोळा वर्षांचे असताना ट्रकवर क्लीनर होते. धुकं दाटलं की ड्रायव्हर क्लीनरला खाली उतरवायचा. क्लीनर पाठीवर पांढरा पंचा टाकून ट्रकच्या पुढे चालायचा आणि ड्रायव्हर त्या पंच्याच्या मागून गाडी काढायचा. मला ती गोष्ट फार आवडायची. आता बाबा त्र्याहत्तर वर्षांचे होते.

"बाबा, खुळे काय तुमी? तुमका दिसणा नाय!"

"तुका दिसता?" ते म्हणाले. "मग झाला तर. ह्यो घाट माज्या पायांक पाठ आसा. पंचो दिसता तोपर्यंत ये. दिसाचो बंद झालो तर ब्रेक मार."

आणि ते उतरले. बाहेर पाऊस नव्हता म्हणण्यासारखा, पण धुकं इतकं ओलं की दोन मिनिटांत त्यांचा सदरा अंगाला चिकटला. डाव्या हाताने कठडा चाचपत ते चालू लागले. कठडा संपला की पाय पुढे घासून रस्त्याची कड शोधायचे, मग परत कठडा. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून जात होते. पंचा दिसायचा, अंधुक व्हायचा, परत दिसायचा. मधेच ते थांबून हात वर करायचे. मीही थांबायचे. वरून एक एसटी आली. तिचे जुने पिवळे दिवे खाली, रस्त्यालगत, धुक्याच्या पोटाखालून सरपटत आले. बाबांनी दोन्ही हात पसरून माझी गाडी कडेला घ्यायला लावली आणि स्वतः कठड्याला पाठ लावून उभे राहिले. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी ओरडून विचारलं. बाबा माझ्याकडे हात करून हसत म्हणाले, "काय नाय, चेडू पयल्यांदा घाट चढवता!"

धुकं जरा विरळ होईपर्यंत अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात मी स्टिअरिंग धरून एकच वाक्य ऐकत होते, माझं स्वतःचं. पुढच्या गाडीचा नंबरसुद्धा दिसत नाही. मी रडत होते. पंचा दिसायला हवा म्हणून बाहीने डोळे पुसत होते आणि परत रडत होते.

गाडीत बसल्यावर बाबांनी पंचा पिळला. "बरी चालवलंस," म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. दाजीपूरला चहा पाजला, कोरडा सदरा घालायला लावला, पण खोकला तिथूनच सुरू झाला.

दवाखान्यात वेळेवर पोचलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, छाती तपासली आणि मान हलवली. ऑपरेशन चालू असताना एक खोकला आला तर डोळा जाईल, म्हणाले. एकच डोळा आहे, मी धोका पत्करणार नाही. तीन आठवड्यांनी या. "भिजलात कुठे एवढे?" त्यांनी विचारलं. "पावसात," बाबा म्हणाले.

पुढची तारीख फाईलवर लिहून घ्यायची होती. बाबा तपासणीच्या खुर्चीवर होते, म्हणून पिशवी मी उघडली. फाईलच्या खाली त्यांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, डबीबिबी असेल. सोडून पाहिलं. गाडीचे जुने दोन बल्ब होते. फिटरने काढून ठेवलेले. ते बाबांनी कधी उचलले, मला माहीत नाही. काचेला काच लागू नये म्हणून दोघांच्या मध्ये कापडाची घडी घातलेली होती.

म्हणजे घाटात, त्या वळणावर, ते त्यांच्या मांडीवर होते.

गाडीच्या तळावर आल्यावर मी पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. "बाबा, हे तुमच्याकडे होते. मगे थय का नाय सांगलास? धा मिनिटात बदलले असते. तुमी भिजले नसतात."

"तूच सांगलंस ना, लायटीचो विषय परत काढू नकात म्हणान," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. रुसवाही नव्हता. मी सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं होतं, इतकं साधं. मुलीशी दिव्यांबद्दल बोलण्यापेक्षा त्यांना धुक्यात पायी चालणं सोपं वाटलं. माझं बोलणं इतकं लागलं होतं, हे मला त्या गाडीतळावर, भर दुपारी, खांद्यावर पर्स आणि हातात फाईल घेऊन उभी असताना कळलं.

तिथेच आम्ही बल्ब बदलले. मी बॉनेट उघडलं आणि बाबा शेजारी उभे राहून सांगत गेले. प्लग ओढ. रबर काढ. तारेची कडी आत दाबून बाजूला कर. "काचेक बोट लावू नको. घामाचो डाग पडलो की थयच तापून फुटता." मी बनियनच्या तुकड्यात धरून बल्ब बसवला. कडी अडकली का, ते त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. परतताना घाटात धुकं होतंच. पिवळा उजेड फार लांब गेला नाही, पण रस्त्यावरच पडला. पांढरी रेघ दिसत होती, कठडा दिसत होता. मी पंचवीसच्या वेगाने उतरले. बाबा खोकत होते.

ते तीन आठवडे मला शिक्षा होती आणि भोगली मात्र त्यांनी. मोतीबिंदू रोज थोडा दाटत होता. ओटीवरून न्हाणीपर्यंत ते भिंतीला हात लावत जायचे, कठड्याला लावला होता तसाच. चहाचा कप मी समोर ठेवला तर त्यांचा हात वीतभर बाजूला पडायचा. मी कप सरकवून हाताखाली आणायचे. ते म्हणायचे, "मिळालो, मिळालो." माफी मागायची म्हणून मी रोज संध्याकाळी ओटीवर जाऊन बसायचे आणि पावसाबद्दल बोलून उठायचे. चाळीस मुलांसमोर माझी जीभ कधी अडखळत नाही, बाबांसमोर अडखळायची.

दुसऱ्या खेपेला ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "केस पिकले गो तुजे." इतकी वर्षं मी त्यांच्या नजरेत काळ्या केसांची होते.

पुढे महिन्याभराने, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, आम्ही त्याच दुकानात गेलो. किट परत घेत असतील तर द्यायचं आणि रिले घालून घ्यायचा होता. बाबांच्या डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. वाटेत मी मनाशी घोकत होते. दुकानदारासमोर सांगायचं, माझं चुकलं, बाबा म्हणत होते ते बरोबर होतं. चार माणसांत बोलले तर चार माणसांतच शब्द मागे घ्यायला हवा. दुकानात गर्दी होतीच. मी खोका काउंटरवर ठेवला. फिटरने विचारलं, "काय झालं मॅडम? लाईट खराब झाला?"

मी तोंड उघडलं.

"लाईट बरो आसा," बाबा माझ्याआधी बोलले. "माज्या डोळ्याचा ऑपरेशन झालाहा. ह्यो सफेत उजेड माका सहन होणा नाय. चेडवाक आवडललो, पण माज्यासाठी बदलता बिचारा."

फिटर माझ्याकडे वळला. या वेळी माझ्याशीच बोलला. "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, मॅडम. तुमची निवड फर्स्ट क्लास होती."

आता बोलायला हवं होतं. दोन वाक्यं. मी घोकून आणली होती. पण त्या माणसाने पहिल्यांदाच माझ्याकडे बघून माझं कौतुक केलं होतं आणि बाबांनी मला उभं राहायला जागा करून दिली होती. मी त्या जागेवर उभी राहिले. "हो," म्हणाले. "चालायचंच." बाबा बाहेर जाऊन त्याच फळीवर बसले.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. पहिल्या वेळी निदान माझं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या वेळी ते ठिकाणावर होतं.

रिले घातला, काचा घासल्या. तेच जुने बल्ब खरोखर दुप्पट पेटले. दिवेलागणीला आम्ही निघालो. हायवेवर वाहनांची रांग होती आणि आमच्या पुढे एक टेम्पो चालला होता. बाबांनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि काचेतून पुढे बघू लागले. काही तरी पुटपुटत होते. मला वाटलं, रामरक्षा.

मी कान दिला. ते टेम्पोचा नंबर वाचत होते. एम, एच, शून्य, सात, मग पुढची अक्षरं, मग आकडे, एकेक करून, पहिलीतलं मूल वाचतं तसं. टेम्पो वळून गेला. पुढे एक जीप आली. त्यांनी तिचाही वाचला. मला ऐकवायला नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कसालपर्यंत जेवढ्या गाड्या पुढे आल्या तेवढ्यांचे नंबर त्यांनी हळू आवाजात वाचले, आणि एकही चुकला नाही.